गच्चीवरच्या हरितगृहात पाणी आणि पंखा ऑटोमॅटिक करताय? या चुका टाळा

सेन्सर, रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर पंप-पंखा चालू-बंद करणारा स्विच), पंप सगळं जोडून झालं, तरी रोपं माना टाकतात नाहीतर मुळं कुजतात. मग बहुतेक जण प्रोग्राम तपासत बसतात. आधी सेन्सर कुठे बसवलाय ते बघा. बऱ्याचदा घोळ तिथेच असतो.

उन्हात टांगलेला सेन्सर हवेचं तापमान सांगत नाही, स्वतःच्या तापलेल्या प्लास्टिकचं सांगतो. मग पंखा आणि फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारं यंत्र) उगाच चालत राहतात. रोपांच्या शेंड्यांच्या उंचीवर, पांढऱ्या आडोशात, पण हवा खेळती राहील असा तो लावा. डीएचटी११ या स्वस्त तापमान-आर्द्रता सेन्सरमध्ये 2 अंशांची चूक गृहीतच धरलेली असते. थोडे पैसे जास्त घालून डीएचटी२२ घ्या.

मातीतल्या ओलाव्यासाठी दोन उघड्या पट्ट्यांचा स्वस्त सेन्सर घेऊच नका. ओल्या मातीत वीज वाहत राहिली की पट्ट्या गंजतात आणि आकडे भरकटतात. कपॅसिटिव्ह, म्हणजे उघडा धातू मातीला न लागणारा सेन्सर घ्या, पण त्याचा आकडा तुमच्याच मिश्रणात तपासा. कोकोपीट आणि काळी माती यांचं ‘कोरडं’ आणि ‘ओलं’ सारखं नसतं. ईएसपी३२ हा वायफाय असलेला कंट्रोलर बोर्ड वापरत असाल तर सेन्सरची तार 32 ते 39 यांपैकीच्या पिनवर जोडा. सेन्सरचं व्होल्टेज मोजणाऱ्या पिनांचा दुसरा गट, म्हणजे एडीसी२, वायफाय चालू असताना नीट रीडिंग देत नाही, आणि लोक बिचाऱ्या सेन्सरला दोष देत बसतात.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: ‘सेन्सर ओला होईपर्यंत पंप चालू’. पाणी मुरून सेन्सरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, तोवर कुंडीच्या तळातून ते वाहायला लागलेलं असतं. दोन मिनिटं पाणी, वीस मिनिटं थांबा, मग पुन्हा मोजा. दिवसाला एकूण किती मिनिटं पंप चालेल याची मर्यादाही घाला, म्हणजे सेन्सर बिघडला तरी रोपं बुडणार नाहीत.

व्हॉल्व्ह उघडतो पण ठिबक चालत नाही? टाकी रोपांपेक्षा 2 मीटर उंच असेल तर दाब जेमतेम 0.2 बार मिळतो. बरेच सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने उघडणारे) व्हॉल्व्ह एवढ्या दाबावर पूर्ण उघडतच नाहीत. शून्य दाबावर चालणारा किंवा मोटरचा बॉल व्हॉल्व्ह लावा. उलट, पंप बंद होऊनही पाणी ठिबकत राहिलं तर तो सायफन आहे. टाकीतल्या पाण्याची पातळी ड्रिपरपेक्षा वर असली की असं होतं. पाइप टाकीच्या वर नेऊन तिथे हवा आत येईल असं छिद्र ठेवा.

फॉगरचं गणित ऋतूप्रमाणे बदलतं. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तो छान गारवा देतो. तोच फॉगर रत्नागिरीत जुलैत चालवलात तर गारवा शून्य, पानं मात्र सतत ओली, म्हणजे केवडा आणि करपा या बुरशीजन्य रोगांना आमंत्रण. म्हणून नुसत्या तापमानावर फॉगर चालवू नका. आर्द्रता 70 टक्क्यांच्या खाली असेल तरच, अशी अट घाला. पंखा 34 अंशांना चालू आणि 31 ला बंद ठेवा. दोन्हीला एकच आकडा दिला तर रिले दिवसभर टकटक करत बसतो आणि लवकर मरतो. पंख्यासमोरच्या बाजूला हवा आत यायला जागा नसेल तर मोठा पंखाही काही करू शकत नाही.

बोर्ड चालू होताना रिले क्षणभर आपोआप चालू होतो का, तेही तपासा. लाइट गेली-आली की पंप आपोआप सुरू होण्याचं ते एक नेहमीचं कारण. टाकीत फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार चालू-बंद होणारा स्विच) हवाच. आणि 230 व्होल्टचं काहीही ओल्या जागेत लावण्याआधी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या, तोही इलेक्ट्रिशियनकडूनच.