छोट्या गावातल्या फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायचाय? मग शेवटापासून सुरू करा

छोट्या गावाच्या प्रोफेशनल क्लबचा इतिहास लिहायला बसलेला प्रत्येक जण पहिली चूक तीच करतो, स्थापनेच्या सालापासून सुरुवात. मग तीन महिने त्या एका सालातच जातात, कारण एक पेपर म्हणतो अमुक साल, क्लबच्या लोगोवर दुसरंच, आणि जुन्या चाहत्याला विचारलं तर तिसरंच. तोपर्यंत उत्साह संपलेला असतो आणि फाइल धूळ खात पडते.

माझं ऐकाल तर उलटं करा. क्लबचा सगळ्यात वाईट सीझन शोधा, ज्या वर्षी क्लब बुडाला किंवा बुडता बुडता वाचला ते वर्ष, आणि तिथून मागे चालत जा. कारण साधं आहे. सगळं सुरळीत चालू असताना कोणी काही लिहून ठेवत नाही, छोट्या क्लबचं तर नाहीच नाही, पण पैसे संपले की मीटिंगा होतात, पत्रं जातात, पेपरवाले रोज दारात येतात, पैसे येणं असलेले यादी देतात, वकील कागद मागतात. क्लबच्या आख्ख्या आयुष्यात जेवढा कागद तयार होत नाही तेवढा शेवटच्या सहा महिन्यांत होतो.

उदाहरण म्हणून इंग्लंडच्या लँकशायरमधलं ॲक्रिंग्टन स्टॅन्ली घेऊ, कारण यात सगळे गुंते एकाच ठिकाणी सापडतात. मार्च १९६२ मध्ये, सीझन चालू असताना, या क्लबनं फुटबॉल लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या प्रोफेशनल क्लबांच्या मुख्य स्पर्धेचा, राजीनामा दिला. शेवटची मॅच क्रू अलेक्झांड्राकडे, ४-० नं हरले. राजीनाम्याचं पत्र गेल्यावर काही लोक मदतीला धावले, क्लबनं पत्र मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण लीगचे सेक्रेटरी ॲलन हार्डेकर यांनी ते मान्य केलं नाही. झालं, तेहतीस मॅच खेळलेल्या टीमचा पूर्ण सीझन टेबलमधून पुसला.

आता इथून मागे प्रश्न विचारत जायचं. कर्ज कशाचं होतं? एक धागा लगेच सापडतो, स्टँड. १९५८ मध्ये क्लबनं ऑल्डरशॉटच्या लष्करी टॅटू सोहळ्यासाठी (जवानांच्या कवायती आणि बँडचा कार्यक्रम) वापरला जाणारा एक जुना स्टँड १४५० पौंडांना विकत घेतला. ऐकायला स्वस्तात मस्त. पण तो इंग्लंडच्या दक्षिणेकडून उत्तरेला आणणं आणि पुन्हा उभा करणं याचा खर्च मूळ किमतीच्या कित्येक पट झाला, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मग पुढचा प्रश्न, १९५८ मध्येच एवढी हौस का आली? टेबल काढा, उत्तर तिथेच आहे, १९५४-५५ आणि १९५७-५८ अशा दोन सीझनमध्ये ते थर्ड डिव्हिजन नॉर्थमध्ये दुसरे आले होते. टीम जोरात होती. १९५५ मध्ये तर त्यांनी एका मॅचला अकराच्या अकरा खेळाडू स्कॉटलंडमध्ये जन्मलेले उतरवले होते. म्हणजे कर्जाची गोष्ट खोदत गेलात आणि हाताला क्लबचा सोन्याचा काळ लागला. पहिल्या पानापासून लिहीत आला असतात तर या दोन गोष्टी दोन वेगळ्या प्रकरणांत पडल्या असत्या.

आता कोणी म्हणेल दोनदा दुसरे आले तर वरच्या डिव्हिजनमध्ये का नाही गेले? जुनी टेबलं आजच्या डोळ्यांनी वाचली की असंच होतं. तेव्हा थर्ड डिव्हिजनचे नॉर्थ आणि साउथ असे दोन भाग होते आणि प्रत्येकातून फक्त पहिला वर जायचा. दुसऱ्याला काहीच नाही. साउथमध्ये प्लिमथ अर्गाइल १९२१-२२ पासून सलग सहा सीझन दुसरे आले, सहा! १९५८ मध्ये हे दोन भाग मोडून थर्ड आणि फोर्थ डिव्हिजन झाले. त्यामुळे ‘दुसरा क्रमांक’ लिहिताना शेजारी नियम पण लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की टीमनं शेवटी कच खाल्ली.

टेबलाबद्दल अजून दोन-तीन गोष्टी भिंतीवर चिकटवून ठेवा. इंग्लंडमध्ये जिंकण्याचे तीन पॉइंट १९८१-८२ पासून, त्याआधी दोन. पॉइंट सारखे असतील तर १९७६ पर्यंत गोल ॲव्हरेज चालायचं, म्हणजे केलेले गोल भागिले खाल्लेले गोल, वजाबाकी नाही. आणि डिव्हिजनची नावं, ही तर डोक्याला ताप आहेत, १९९२ मध्ये प्रीमियर लीग आली तेव्हा जुनी सेकंड डिव्हिजन ‘फर्स्ट’ झाली आणि २००४ मध्ये तीच ‘चॅम्पियनशिप’ झाली, मग आजची लीग वन म्हणजे खरं तर तिसरी पायरी. मी तर प्रत्येक सीझनसमोर पायरीचा आकडा टाकतो, पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, आणि डिव्हिजनचं त्यावेळचं नाव बाजूला. जुन्या आकड्यांना नवे पॉइंट लावून ‘आज असते तर’ असली टेबलं मात्र करत बसू नका, तेव्हाच्या टीम दोन पॉइंटांच्या हिशोबानं खेळत होत्या.

खालचं टोक पण बघा. १९८५-८६ पर्यंत इंग्लंडमध्ये लीगमधून बाहेर पडणं आपोआप होत नव्हतं. तळाच्या क्लबांना पुन्हा घेण्यासाठी अर्ज करावा लागायचा आणि बाकीचे क्लब मतदान करायचे. म्हणजे छोट्या क्लबचं भवितव्य मैदानात कमी आणि मीटिंगच्या खोलीत जास्त ठरायचं. १९७२ मध्ये बॅरो बाहेर गेला आणि हेरफर्ड आत आला, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत हेरफर्डनं एफए कपात (इंग्लंडची छोट्या-मोठ्या क्लबांची नॉकआउट स्पर्धा) बड्या न्यूकासलला हरवून देशभर नाव केलं होतं हे विसरून ते मतदान समजतच नाही. विशेष म्हणजे बॅरो त्या सीझनला शेवटून पहिला नव्हताच. बॅरोला परत यायला २०२० उजाडलं. तर तुमचा क्लब असा अर्जाच्या रांगेत कधी उभा होता का ते आधी तपासा, असेल तर त्या वर्षांचे जूनच्या आसपासचे पेपर काढा, कारण ही मतं सीझन संपल्यावर पडायची आणि मॅच रिपोर्ट शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

आता या स्थापनेच्या सालाकडे. सालाच्या आधी एक प्रश्न विचारा, हा तोच क्लब आहे का? ॲक्रिंग्टनचंच बघा. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांत ‘ॲक्रिंग्टन’ आहे, आणि लोक बिनधास्त लिहितात की स्टॅन्ली लीगचे संस्थापक सदस्य. नाही हो! तो वेगळा क्लब, तो १८९३ मध्ये लीग सोडून गेला आणि १८९६ मध्ये संपला. स्टॅन्ली निघाला स्टॅन्ली स्ट्रीटवरच्या एका टीमपासून, साल १८९१, आणि लीगमध्ये आला १९२१ मध्ये. तोही १९६६ मध्ये बंद पडला. आज जो खेळतो तो १९६८ मध्ये उभा केलेला, मैदानात उतरला १९७० मध्ये. एक गाव, तीन क्लब, आणि चाहत्यांच्या मनात एकच सलग रेघ.

यात माझं मत असं, की कायद्याची गोष्ट आणि मनाची गोष्ट दोन्ही लिहा पण सरमिसळ करू नका. कंपनी कोणती, कधी नोंदली, कधी बंद झाली हे एका कागदावर. रंग, नाव, मैदान, लोक यातलं काय पुढे आलं हे दुसऱ्या कागदावर. ऑल्डरशॉट मार्च १९९२ मध्ये बुडाला (सीझनच्या मध्येच, स्टॅन्लीनंतर असा पहिलाच) आणि त्याच वर्षी ऑल्डरशॉट टाउन उभा राहिला, त्याच रिक्रिएशन ग्राउंडवर, पण कितीतरी पायऱ्या खाली. २००८ मध्ये तो लीगमध्ये आला तेव्हा ‘परत आला’ म्हणायचं की ‘पहिल्यांदा आला’? आकड्यांच्या तक्त्यात पहिल्यांदा, गोष्टीत परत. दोन्ही ठिकाणी एकच शब्द वापरलात की कोणीतरी भांडायला येणारच.

विलीनीकरण असेल तर अजून मजा. रशडन अँड डायमंड्स हा १९९२ मध्ये रशडन टाउन आणि अर्दलिंगबरो डायमंड्स एकत्र करून झाला, मागे डॉक्टर मार्टेन्स बुटांच्या धंद्यातले मॅक्स ग्रिग्ज. २००१ मध्ये लीगमध्ये, २०११ मध्ये खेळ खल्लास. अशा वेळी दोन्ही जुन्या क्लबांना स्वतःचं छोटं प्रकरण द्या, नाहीतर ज्या गावाचं नाव मागे पडलं तिथले लोक पुस्तक हातात पण धरणार नाहीत.

पैसेवाल्या माणसाबद्दल लिहिताना हात जरा आखडता घ्या. स्कॉटलंडच्या सीमेवरचं ग्रेटना, वस्ती साधारण तीन हजार, २००२ मध्ये स्कॉटिश लीगमध्ये आलं, ब्रूक्स माइल्सन यांच्या पैशावर सलग तीन प्रमोशन, २००६ मध्ये स्कॉटिश कप फायनल (हार्ट्सकडून पेनल्टीवर हरले), २००७ मध्ये थेट स्कॉटिश प्रीमियर लीगमध्ये, आणि तिथे घरच्या मॅच कुठे तर मदरवेलच्या मैदानावर, कारण स्वतःचं ग्राउंड नियमात बसत नव्हतं. २००८ मध्ये माइल्सन आजारी पडले, पैसा थांबला, क्लब संपला. असं प्रकरण लिहिताना मॅचच्या आधी हिशेब वाचा. नोंदणीकृत कंपन्यांचे वार्षिक हिशेब ब्रिटनमध्ये कोणालाही बघता येतात, त्यात मालकाचं कर्ज आणि गेटचं (तिकिटांचं) उत्पन्न शेजारी शेजारी ठेवलं की पुढे काय होणार ते दोन वर्षं आधीच दिसतं. आणि व्हिलन बनवायची घाई नको, स्टॅन्लीच्या शेवटच्या दिवसांत शेजारच्या बर्नलीचे चेअरमन बॉब लॉर्ड सल्ल्याला आले होते आणि त्यांच्या भूमिकेवर नंतर भरपूर वाद झाला, अशा ठिकाणी कोण काय म्हणालं ते तारखेसकट मांडा आणि बाजूला व्हा.

युद्धाची वर्षं हे वेगळंच खातं. १९३९-४० चा सीझन तीनच मॅचनंतर थांबला आणि ते रेकॉर्ड अधिकृत धरत नाहीत. पुढे युद्धकाळात स्थानिक लीग चालल्या आणि ‘पाहुणे’ खेळाडू चालायचे, जो जवान जिथे पोस्टिंगला तिथल्या टीमकडून खेळायचा. ऑल्डरशॉट म्हणजे लष्कराचं गाव, तर या छोट्या क्लबकडून क्लिफ ब्रिटन, स्टॅन कलिस, जो मर्सर असे इंग्लंडचे इंटरनॅशनल खेळाडू उतरले! या मॅच मुख्य तक्त्यात घालू नका पण फेकूनही देऊ नका, वेगळं परिशिष्ट करा. पुसलेल्या सीझनचंही तसंच, स्टॅन्लीच्या त्या तेहतीस मॅच खेळलेल्या माणसांनी पाय खरेच मोडून घेतले होते.

फोटोंवर तारीख नसते, ती मैदानावरून काढायची. पेनल्टी बॉक्सबाहेरची ती अर्धगोल रेघ दिसली तर फोटो १९३७ नंतरचा. गोलकीपरचा शर्ट बाकीच्यांसारखाच असेल तर बहुतेक १९०९ च्या आधीचा, कारण तेव्हापासून वेगळा रंग सक्तीचा झाला. लीग मॅचमध्ये पाठीवर नंबर सक्तीचे झाले १९३९ मध्ये, म्हणजे मध्ये युद्ध धरून खऱ्या अर्थानं १९४६ नंतर. आणि जुन्या रिपोर्टमध्ये टीम दहा जणांनी मॅच संपवली असं दिसलं की लगेच रेड कार्ड लिहू नका, लीगमध्ये बदली खेळाडू १९६५-६६ पासून आले, त्याआधी पाय मुरगळला की तो माणूस बाहेर नाहीतर विंगवर लंगडत उभा. मैदान कुठे होतं यावर वाद असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचे (ब्रिटनचं सरकारी नकाशा खातं) जुने नकाशे बघा, स्टँडचा आकारसुद्धा त्यात कधी कधी मिळतो.

म्हाताऱ्या चाहत्यांशी बोलणं सगळ्यात आधी करा, कागद वाट बघतात माणसं नाही. पण ‘तुमची आवडती मॅच कोणती’ विचारलं की सगळ्यांची एकच मॅच येते, आणि गंमत म्हणजे छोट्या ग्राउंडवर जेवढे मावत नाहीत तेवढे लोक तिथे हजर असतात. त्याऐवजी विचारा, कुठे उभे राहायचात, कोणाबरोबर यायचात, ग्राउंडपर्यंत कसे यायचात, गवत कोण कापायचं, शर्ट कोण धुवायचं. मग त्यांनी सांगितलेली प्रत्येक मॅच पेपरमध्ये तपासा, स्कोअर चुकलेला असेल पण पाऊस होता हे बहुतेक बरोबर निघतं. आणि क्लबनं जाहीर केलेला प्रेक्षकांचा आकडा गोल गोल असेल, पाच हजार, सहा हजार, तर तो अंदाज आहे असं समजा आणि तसं लिहा.

मागे मागे चालत पहिल्या मॅचपर्यंत पोचलात की मग काय ते सरळ क्रमानं लिहून काढा. आता कुठलं पान जड आहे ते तुम्हाला माहीत असेल. स्टॅन्लीबद्दल लिहीत असाल तर एक ओळ विसरू नका, १९६२ मध्ये त्यांची रिकामी जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली होती आणि २००६ मध्ये नवा स्टॅन्ली लीगमध्ये वर आला, त्याच सीझनला खाली गेलेल्या दोन क्लबांपैकी एक होता ऑक्सफर्ड युनायटेड.