गिटार अॅम्पच्या कॅबसाठी (स्पीकरच्या पेटीसाठी) स्वस्तात स्पीकर घेताना

स्पीकर बदलायचा म्हटलं की सगळे आधी वॅट बघतात, पण त्याआधी कॅबच्या मागे ओहम (म्हणजे इम्पीडन्स, स्पीकरचा विजेला होणारा विरोध) किती लिहिलेत ते बघा. ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले तर ४ होतात, सिरीजमध्ये १६, आणि ट्यूब अॅम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) असेल तर आउटपुटशी हे जुळलंच पाहिजे, तिथे चालढकल नको.

वॅट म्हणाल तर अॅम्पपेक्षा थोडे जास्तच घ्या, १५ वॅटच्या अॅम्पला २५-३० वाला आरामात चालतो.

खरी गंमत सेन्सिटिव्हिटीत आहे, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो त्या डीबीतल्या आकड्यात, जो कोणी वाचतच नाही. ९७ डीबीचा आणि १०० डीबीचा स्पीकर यात ३ डीबीचा फरक, म्हणजे अॅम्पची पॉवर डबल केल्यासारखं, त्यामुळे छोटा अॅम्प असेल तर महागड्या नावापेक्षा हा आकडा बघून घेतलेला साधा स्पीकर जास्त दणका देतो.

सेकंडहँड बिनधास्त घ्या, फक्त कोन (स्पीकरचा समोरचा हलणारा पडदा) दोन्ही हातांच्या बोटांनी सारख्या दाबाने हळूच आत ढकलून बघा, खरखर आली तर त्यामागची तारेची कॉइल घासतेय, सोडून द्या. मल्टीमीटरवर ८ ओहमवाला साधारण ६-७ दाखवतो, त्याला घाबरू नका, ते नॉर्मल आहे 😄

आणि हो, कारचा वूफर घरात पडलाय म्हणून तो ठोकू नका, डिस्टॉर्शन लावलं की गोधडीखालून वाजवल्यासारखं वाटतं. दोन स्पीकर असतील तर प्लस-मायनस नीट जोडा, उलटे लागले की बेस गायब.