घरी वाईन चाखून मार्क देताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे गरम रेड. रेड रूम टेंपरेचरला प्यायची असं कुठेतरी वाचलेलं असतं, मग बाटली कपाटातून काढली की थेट ग्लासात. अहो, ते टेंपरेचर युरोपातल्या थंड घरांचं, साधारण 16 ते 18 डिग्री. आपल्या गोव्यात मे महिन्यात पंखा फुल असला तरी घरात 30 च्या वर असतं, तेवढ्या गरम वाईनमधून आधी अल्कोहोल नाकात चढतो आणि फळाचा वास दबून जातो.

मागे फोंड्याला एका मित्राकडे बसलो होतो, पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली रेड, स्वस्तातली पण चांगली. कपाटातून काढून लगेच ओतली नि सगळे दहापैकी चार मार्क देऊन मोकळे, एकजण तर म्हणाला खोकल्याचं औषध लागतंय. मी उरलेली बाटली बर्फ-पाण्याच्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं ठेवली आणि काही न सांगता दुसऱ्या ग्लासांतून दिली. त्याच मंडळींनी सात-आठ दिले, वर ही कुठे मिळते म्हणून विचारायला लागले!

बादलीत नुसता बर्फ नको, पाणी हवंच, नाहीतर गारवा बाटलीला सगळीकडून लागत नाही. वेळ असेल तर फ्रीजमध्ये पाऊण तास. फ्रीझरचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही, गप्पांत बाटली विसरली की बूच वर येतं, कधी काच तडकते.

दुसरी चूक, लेबल बघून मार्क देणं. स्पेनच्या रिओहा भागातल्या रेडवर ‘रिझर्व्हा’ लिहिलंय म्हणजे किमान 3 वर्षं मुरवलीय, त्यातलं निदान 1 वर्ष ओकच्या पिंपात, इतकंच कळतं. ती तुम्हाला आवडेलच असं नाही. मी बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळतो, नंबर टाकतो आणि किंमत शेवटी सांगतो. आणि पहिल्या घोटावर अ‍ॅपमध्ये स्टार ठोकायची घाई तर बघवतच नाही, अर्धा तास थांबा ना, तोच ग्लास परत हुंगा, तुरट रेड बऱ्याचदा हवा लागल्यावर मऊ होते.

चाखताना शाकुती किंवा रेशादचा बांगडा नको, तिखटावर अल्कोहोल आणखी जळजळतो. आधी व्हाइट मग रेड, गोड सगळ्यात शेवटी. ग्लास एक तृतीयांशच भरा. खोलीत अगरबत्ती नको.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब आहे, हवा लावून तो जात नाही, अशा बाटलीला मार्कच देऊ नका, दुकानदाराला दाखवा. उन्हात मांडलेली, बूच वर आलेली बाटली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. आणि विन्यू व्हेर्दे, म्हणजे पोर्तुगालची हलकी वाईन, घेताना लेबलवर द्राक्षं तोडल्याचं साल असेल तर ते बघा. साधी विन्यू व्हेर्दे ताजीच प्यायची असते, चार-पाच वर्षं पडून राहिलेली सेलमध्ये उचलायची आणि मग पोर्तुगीज व्हाइटमध्ये दम नाही म्हणायचं, हे बरोबर नाही.