लकवा मारलेल्या हाताला तुरी वेचायला लावा

लकवा झालेल्या हाताला घरोघरी सकाळ-संध्याकाळ तेल चोळतात. त्यानं सांधा मोकळा राहतो, पण मेंदू काही शिकत नाही. हात हलवणारा दुसराच असतो ना! रँडॉल्फ नुडो या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूत, हात चालवणाऱ्या भागाला लहानशी इजा करून त्यांना खळग्यांतून खाऊ वेचायला लावला. त्यांच्या १९९६ च्या प्रयोगात हाताच्या वाट्याचा उरलेला मेंदू शाबूत राहिला. सराव न मिळालेल्या माकडांत तोही आक्रसला होता. आपण खळग्यांच्या जागी वाट्या ठेवू.

डॉक्टरांनी बसायची परवानगी दिल्यावरच सुरुवात करा. बाज खोलगट होते, म्हणून पाठीची खुर्ची घ्या. पावलं जमिनीवर टेकलेली, समोर कोपराच्या उंचीचं टेबल. शिलाई मशीनचंही चालतं. छातीवरून दुपट्टा घेऊन खुर्चीच्या पाठीला सैलसर बांधा. तो नसला की माणूस हात पुढे नेण्याऐवजी अख्खं अंगच पुढे झुकवतो. काम झाल्यासारखं दिसतं, कोपर मात्र सरळ व्हायला शिकत नाही.

आधी संत्रं. वीतभर अंतरावरून उचलायचं, टोपलीत ठेवायचं आणि बोटं उघडून सोडायचं. खरी अडचण सोडण्यातच येते, म्हणून दिवसभर चेंडू दाबत बसण्यात अर्थ नाही. मूठ तशीही आवळलेलीच असते. मग लिंबू, मग हरभरा, शेवटी तूर. दहापैकी दहा जमले की वस्तू लहान करा किंवा लांब ठेवा. निम्मेही जमले नाहीत तर एक पायरी मागे या.

मोजणी महत्त्वाची. अमेरिका-कॅनडातल्या २००९ च्या एका पाहणीत उपचाराच्या एका बैठकीत हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ च भरल्या. प्राण्यांच्या प्रयोगांत त्या शेकड्यांनी होतात. ३० दाणे आधीच मोजून वाटीत टाका, वाटी रिकामी झाली की बैठक संपली. दिवसातून तीन बैठका, आणि थकवा पाहून दाणे वाढवा. दुसऱ्या आठवड्यापासून एकच काम लांबवू नका: दहा दाणे, मग दाराची कडी, मग पेला. असं मिसळलं की त्या वेळी हात जास्त चुकतो, पण शिकलेलं जास्त टिकतं.

चांगला हात बांधून ठेवायची पद्धतही आहे. ती मनगट निदान २० अंश आणि बोटं १० अंश उचलता येणाऱ्यांसाठीच आहे, तीही फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीत. चालताना किंवा चुलीजवळ हात मोकळाच हवा.

उठवताना लुळा हात ओढू नका, खांदा निखळतो. स्पर्श कळत नसेल तर गरम शेक देऊ नका, भाजलेलं कळतच नाही. खांदा दुखला तर थांबा.

जिल्हा रुग्णालयातली फिजिओथेरपी सोडू नका. घरच्यांना शिकवून व्यायाम करून घ्यायची अटेंड ही चाचणी भारतात १,२५० रुग्णांवर झाली. २०१७ च्या तिच्या निकालात नेहमीच्या उपचारांहून जास्त फायदा दिसला नाही. घरचा सराव ही भर आहे, बदली नव्हे.

आणि गिळताना ठसका लागत असेल तर दाणे वापरूच नका. नजर चुकवून तोंडात टाकलेला हरभरा श्वासनळीत जातो. त्याऐवजी मोठी लाकडी बटणं घ्या.