बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या वणव्यांचा नकाशा कसा करावा

नासाच्या ‘फर्म्स’ संकेतस्थळावर उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या नोंदी फुकट मिळतात. सुओमी एनपीपी उपग्रहाच्या ‘व्हीर्स’ उपकरणाच्या २०१२ पासूनच्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे साध्या तक्त्याच्या रूपात, मागवा. चौकट १५.३५ ते १५.८५ उत्तर आणि ७४.०५ ते ७४.७५ पूर्व घेतली की जांबोटी, कणकुंबी, भीमगड, लोंढा आत येतात. गोव्याकडचा भाग तालुक्याच्या सीमेने छाटा. पुढे आलेल्या उपग्रहांचे ठिपके, म्हणजे आगीच्या नोंदी, यात मिसळू नका, नाहीतर अलीकडे वणवे वाढल्याचा भास होतो.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. नोंदी जागतिक वेळेत असतात. उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो, पण रात्रीच्या नोंदीवर आदल्या तारखेचे २० वाजलेले दिसतात. साडेपाच तास मिळवून तारीखही पुढे न्या. एक्सेल ०७५४ चं ७५४ करून ठेवतं, म्हणून आधी चार आकडे पुरे करा. कमी खात्रीच्या नोंदी गाळा. प्रकाराच्या रकान्यात २ असेल तर ती कारखान्यासारखी कायमची उष्णता, तीही काढा.

क्यूजीआयएस या नकाशाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सगळं ईपीएसजी ३२६४३ या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत आणून १ किमीची जाळी टाका. ठिपके मोजू नका, कारण एकच वणवा एका फेरीत अनेक ठिपके देतो. ‘काउंट पॉइंट्स इन पॉलिगॉन’मध्ये क्लास फील्ड म्हणून तारीख द्या, म्हणजे आगीचे वेगवेगळे दिवस मोजले जातात. वर्ष दिलंत तर चौकोन किती वर्षी पेटला ते कळतं. जाळरेषा (आग अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) कुठे काढायची हे ठरवायला हाच आकडा जास्त कामाचा. फेब्रुवारी ते मे, दर महिन्याचा नकाशा वेगळा करा.

शिवारातलं पाचट जाळलेलंही यात येतं. जमीन-वापराच्या नकाशावरून जंगल आणि शेती वेगळी करा. ठिपका म्हणजे ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य. त्यावरून कोणाच्या बांधावर ठपका ठेवता येत नाही.

जळालेलं क्षेत्र हवं असेल तर सेंटिनेल-२ उपग्रहाच्या, आगीच्या आधीच्या आणि नंतरच्या चित्रांतून ८ व १२ क्रमांकाच्या पट्ट्यांचं (प्रकाशाच्या बँडचं) गुणोत्तर काढा: ८ वजा १२, भागिले दोन्हींची बेरीज. रान जळलं की नंतरच्या चित्रात हा आकडा घसरतो. आधीचं चित्र डिसेंबरचं घेऊ नका. पानगळीनंही हा आकडा घसरतो आणि न जळालेलं रान जळालेलं दिसतं.

रिकामा चौकोन सुरक्षित समजू नका. दुपारी तीनला पेटून रात्री आठला विझलेलं गवत आणि दाट झाडीखाली सरपटणारी आग उपग्रहाला बहुधा दिसतच नाही. असे चौकोन वनरक्षकांना विचारून भरावे लागतात.