आयपॅडवर २६ टाकलंय? मग भांडायच्या आधी या चुका टाळा

आयपॅडओएस २६, म्हणजे आयपॅड ज्यावर चालतो ती ॲपलची सिस्टिम, येऊन बरेच दिवस झाले तरी वाद काही मिटत नाहीयेत. एक पार्टी म्हणते आयपॅड एकदाचा कामाचा झाला, दुसरी म्हणते होतं ते पण घालवलं. मी घरातल्यांचे, मित्रांचे आणि मित्रांच्या मित्रांचे आयपॅड बघून देतो (फुकट, हे वेगळं सांगायला नकोच), आणि दर वेळी त्याच त्या चुका. अर्धी भांडणं तर सेटिंग्ज एकदाही न उघडता चाललेली असतात.

दोन ॲप शेजारी लागतच नाहीत म्हणून बोंब मारणं

ही माझी सगळ्यात नावडती. स्लाइड ओव्हर (एका ॲपवर दुसरं ॲप तरंगत ठेवणं) आणि स्प्लिट व्ह्यू (दोन ॲप शेजारी लावणं) आले २०१५ ला, आयओएस ९ बरोबर (तेव्हा आयपॅडवर पण आयफोनचीच सिस्टिम होती). म्हणजे बोटांना तब्बल दहा वर्षांची सवय. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये २६ आलं तेव्हा वरचे ते तीन ठिपके गायब, डॉकमधून (खालच्या ॲपच्या पट्टीतून) ॲप ओढून बाजूला लावणं गायब, स्लाइड ओव्हर तर पूर्णच गायब. राग येणं बरोबरच आहे, मला पण आला होता. पण दोन ॲप शेजारी लागत नाहीत हे साफ खोटं.

माझे दोन मित्र यावरून तीन आठवडे एकमेकांशी धड बोलत नव्हते. एकाच्या आयपॅडला कीबोर्ड आणि ट्रॅकपॅड, तो खूश, आता लॅपटॉप विकून टाकतो म्हणत होता. दुसरा रात्री आडवा पडून एका हाताने वाचणारा, तो म्हणे सगळं बिघडवून ठेवलंय, एका वेळी एकच ॲप दिसतं. शेवटी दोन्ही आयपॅड शेजारी ठेवून बघितले तर पहिल्याचा विंडोड ॲप्सवर आणि दुसऱ्याचा फुल स्क्रीन ॲप्सवर. अपडेट एकच, पण दोघं जवळजवळ दोन वेगळ्या मशीनबद्दल भांडत होते. दुसऱ्याला विचारलं हे कोणी निवडलं, तर अपडेट झाल्यावर काहीतरी विचारत होतं, मी दाबून टाकलं म्हणाला. दाबून टाकलं! इथेच माझं डोकं फिरतं.

तर सेटिंग्जमध्ये मल्टिटास्किंग अँड जेश्चर्स उघडा. तिथे तीन पर्याय आहेत, फुल स्क्रीन ॲप्स, विंडोड ॲप्स आणि स्टेज मॅनेजर (विंडोंचे गट बाजूला लावून ठेवणारा). विंडोड वर टाका, मग ॲपचा खालचा उजवा कोपरा धरून आत ओढला की विंडो लहान होते, आणि वरची पट्टी धरून डाव्या किंवा उजव्या कडेला भिरकावली की बरोब्बर अर्ध्या स्क्रीनवर बसते. दुसरं ॲप दुसऱ्या कडेला भिरकावा, झालं तुमचं स्प्लिट व्ह्यू, मधली रेघ सरकवून कमी-जास्त पण करता येतं. भिरकावणं जमत नसेल तर कोपऱ्यात लाल-पिवळी-हिरवी बटणं आहेत त्यावर बोट दाबून धरा, मांडणी विचारतं. मी तेच करतो, माझं भिरकावणं दहातलं चार वेळा फसतं.

आणि व्हर्जन बघून बोला ना राव. २६.१ मध्ये, म्हणजे नोव्हेंबरात, स्लाइड ओव्हर परत आलं (फक्त आता एकाच ॲपचं, आधीसारखी ॲपची चळत लावता येत नाही, आणि या मुद्द्यावर मी तक्रार करणाऱ्यांच्याच बाजूने आहे). डिसेंबरात २६.२ आलं त्यात डॉकमधून ओढून लावणं पण परत आलं. तरी अजून लोक २६.० वर बसून गेलं गेलं करतायत आणि दुसरे २६.२ वरून त्यांना वेड्यात काढतायत. हा वाद नव्हेच.

कामाच्या आयपॅडवर बीटा टाकणं

जुलै २०२५ मध्ये २६ चा पब्लिक बीटा (फायनलच्या आधीचं, कोणालाही टाकून बघता येणारं चाचणीचं व्हर्जन) आला तेव्हा माझ्या भाचीने दोन व्हिडिओ बघितले आणि टाकला. मला आधी विचारलं होतं, मी म्हटलं नको, ती म्हणाली मामा सगळे टाकतायत, मी म्हटलं मग तुझं तू बघ. तिसऱ्या दिवशी रात्री फोन. चित्रं काढायचं ॲप उघडलं की लगेच बंद पडतंय आणि परवा काम द्यायचंय. आता परत जुन्यावर जायचं तर कॉम्प्युटरला लावून आयपॅड पूर्ण पुसावा लागतो, आणि बीटावर असताना घेतलेला बॅकअप जुन्या व्हर्जनवर चढतच नाही. जुन्या व्हर्जनचा बॅकअप आहे का, तर आहे, चार महिन्यांपूर्वीचा. मधली सगळी चित्रं फक्त आयपॅडवर.

ती रडायच्या बेतात, मी ओरडायच्या. मग सहज फाइल्स ॲप उघडून ऑन माय आयपॅड मध्ये बघितलं तर त्या ॲपचं फोल्डर तिथे होतं, ॲप बंद पडत असलं तरी फाइली जागच्या जागी. एकेक करत सगळं पेन ड्राइव्हवर काढलं, पहाटेचे तीन वाजले. सगळी ॲप अशी फोल्डर दाखवत नाहीत, तिचं नशीब.

तेव्हापासून माझा नियम म्हणजे अपडेट बीटाचं असो की साधं, आधी कॉम्प्युटरवर बॅकअप, मगच बटण. आयक्लाउडवर आहे की असं म्हणणाऱ्याला मी शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा ते उघडून दाखवायला लावतो, बहुतेकांचा चेहरा तिथेच पडतो. आणि बीटातून बाहेर यायची घाई नसेल तर पुसापुशी करू नका, बीटा अपडेट्स बंद करून फायनल यायची वाट बघा.

आवडलं नाही तर परत जाऊ असं धरून चालणं

नाही जाता येत. नवीन आलं की थोड्याच दिवसांत ॲपल जुनं व्हर्जन टाकायला मान्यता देणं बंद करतं, मग त्याची फाइल हातात असून उपयोग नाही. म्हणून थांबायचं तर आधी थांबा. २६ आलं त्याच दिवशी १८.७ पण आलं होतं (२६ च्या आधीचं व्हर्जन १८ च होतं, मधले आकडे ॲपलने गाळले), ज्यांना चेहरामोहरा बदलायचा नव्हता त्यांच्यासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या घेऊन. ते न वाचता मोठ्ठं बटण दाबलं तर दोष कोणाचा?

बाकीच्या बारीकसारीक

पहिल्याच दिवशी बॅटरी खाते म्हणून निकाल देऊ नका, अपडेटनंतर फोटो आणि फाइलींची यादी मागे नव्याने बनत असते, दोन-तीन दिवस द्या.

२६ चा नवा चेहरा काचेसारखा दिसतो, वाचवत नाही? ॲक्सेसिबिलिटीमध्ये रिड्यूस ट्रान्सपरन्सी चालू करा, किंवा २६.१ पासून डिस्प्लेच्या सेटिंगमध्येच टिंटेड निवडता येतं. डोळे खराब झाले म्हणणाऱ्या किती जणांनी हे केलंय ते विचारून बघा.

जागा नाही म्हणून घाईघाईत फोटो उडवू नका, कॉम्प्युटरला लावून अपडेट केलं तर आयपॅडवर जागा कमी लागते.

सातव्या पिढीच्या आयपॅडवर २६ दिसतच नाही म्हणून रिसेट मारत बसू नका, त्याला ते मिळणारच नाहीये, आठव्या पिढीपासून पुढे आहे. आणि जुन्या आयपॅडवर दहा विंडो उघडून हळू चालतो म्हणू नका, मी तर दोनच्या वर जात नाही.

तो आडवा पडून वाचणारा मित्र, त्याला विंडोड करून दिलं, सगळं शिकवलं, आठवड्याने भेटला तर परत फुल स्क्रीनवर. म्हणाला वाचायला हेच बरं. आता तक्रार मात्र करत नाही.