कोकणात राहून काम करायचंय? आधी वायर बघा, मग समुद्र

दिवाळी झाली की मला मेसेज यायला लागतात, दादा आम्हाला पण कोकणात राहून काम करायचंय, गुहागरला नाहीतर दापोलीकडं एखादं घर बघ ना, समुद्र दिसला पाहिजे फक्त. मी पाच वर्षं झाली गुहागर तालुक्यात राहतोय, काम पुण्यातल्या आणि लंडनच्या क्लायंटचं, आणि मला मनापासून वाटतं की अजून खूप जणांनी यावं, वाड्यावाड्यांत कुलूप लागलेली घरं परत उघडावीत. पण डिसेंबरात येऊन घर ठरवणारे जुलैत बॅग भरून परत जाताना मी बघितलेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

घर बघायला पावसातच या. जूनच्या शेवटी किंवा जुलैत आठवडाभर होमस्टेत राहा, तेव्हा सीझन नसतो, खोल्या रिकाम्या असतात, रेट पण कमी करून मिळतो. सुट्टी टाकून येऊ नका, लॅपटॉप घेऊन या आणि रोजचं काम तिथूनच करा. रत्नागिरीला वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच, त्यामुळे त्या आठवड्यात जे काय व्हायचं ते सगळं दिसतं.

घरमालकाला "नेट आहे का" एवढंच विचारू नका. ते आहे म्हणतील आणि ते खरंच असतं, त्यांचं व्हॉट्सॲप चालतं, मुलांचे व्हिडिओ चालतात. शेजारच्या दोनतीन घरांत विचारा की मागच्या पावसात वायर किती वेळा तुटली आणि जोडायला किती दिवस लागले. आमच्याकडं फायबर, म्हणजे नेटची काचेची वायर, बहुतेक ठिकाणी खांबावरून आणि खांब नसला तर माडापोफळीवरून ओढलेली असते. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये मी कॉलवर स्क्रीन शेअर करून बसलेलो, मागे वाडीत माडाची झावळ पडल्याचा आवाज आला आणि राऊटरशेजारच्या डब्यावर एलओएसची लाल लाईट लुकलुकायला लागली. ती लाल झाली म्हणजे वायर कुठंतरी तुटली, मग बंद-चालू करून काही होत नाही. केबलवाल्याचा मुलगा त्याच संध्याकाळी आला, तुटलेलं टोक पण सापडलं, पण काचेची तार जोडायचं मशीन दुसऱ्या गावात कामावर होतं, ते यायला दोन दिवस गेले. शेजारच्या काकूंना पण आता ती लाईट कळते, मी बाहेर असलो तर फोन करून सांगतात, अरे तुझा डबा लाल झालाय बघ.

म्हणून दुसरं नेट लागतंच, आणि ते दुसऱ्या केबलवाल्याचं घेऊन उपयोग नाही, दोघांच्या वायरी त्याच माडावरून येतात. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम घ्या. आता इथं जागेचा मोठा फरक पडतो. टॉवर असतो वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, आणि वाडी असते खाली उतारावर नाहीतर खाडीकाठच्या खलाटीत, म्हणजे सखल जमिनीत, मधे डोंगर आला की रस्त्यावर चार कांड्या आणि घरात शून्य. त्यात जांभ्या चिऱ्याच्या भिंती जाड, माजघरात फोन ठेवला तर गेलाच, राऊटर पण आतल्या खोलीत ठेवलात तर पडवीत वायफाय पोचत नाही. प्रत्येक खोलीत, प्रत्येक खिडकीत स्पीड टेस्ट करा, दुपारी एकदा आणि रात्री नऊला एकदा, आणि आकडा बघायचा तो अपलोडचा, डाउनलोड सगळीकडं चांगलाच दाखवतो. व्हिडिओ कॉलला अपलोड ३-४ एमबीपीएस सतत मिळत असेल तर पुरतं, मधेच शून्यावर जात असेल तर ५० असून पण काही उपयोग नाही. हॉटस्पॉटवर तासाच्या कॉलला साधारण एक जीबी धरा.

लाईटचं आता. पावसात लाईट जाते, कधी दहा मिनिटं कधी रात्रभर, हे धरूनच चालायचं. १५० एएच (अँपिअर-तास) ची ट्युब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर घ्या. हिशोब सोपा आहे, १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास, लॅपटॉप ६०, पंखा ७०, राऊटर १०, असे १४० वॅट, कागदावर जवळजवळ तेरा तास येतात पण बॅटरी पूर्ण उतरवायची नसते आणि इन्व्हर्टर पण थोडं खातो, तेव्हा सात-आठ तास खरे. पंखा बंद केलात तर दुप्पट. राऊटरला वेगळा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा, हजार-दोन हजारांत येतो, मला तर सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झालाय. एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती म्हणजे लाईट बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरी पण संपते, मग तुमच्याकडं इन्व्हर्टर असून नेट नाही. तीन-चार तास झाले की महत्त्वाच्या फाईली आधी पाठवून टाका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढलेत, तसं काही आलंच तर सरळ रजा टाकायची आणि वाडीत हात द्यायला जायचं.

मे महिन्यात आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसात वीज चमकायला लागली की प्लग काढून ठेवा. फायबर काचेची असते, तिच्यातून करंट येत नाही, येतो तो लाईटच्या वायरीतून. घराचं अर्थिंग तपासून घ्या, जांभा उन्हाळ्यात सुकून खडखडीत होतो म्हणून जुनी माणसं अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततात, ते बरोबरच आहे.

पडवीत बसून काम करायचं सगळ्यांच्या मनात असतं, करा, पण पावसाची झड आत येते आणि समुद्र जवळ असला तर खारी हवा यूएसबीच्या पोर्टला गंज आणते. रात्री लॅपटॉप हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि घर किनाऱ्यापासून थोडं आत असेल तर उलट चांगलं. रात्री उशिराचे कॉल असतील तर अंगणात टॉर्चशिवाय पाय टाकू नका, फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, दिसत नाही. त्या बाबतीत लंडनचं काम सोपं पडतं, त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात दीड आणि हिवाळ्यात अडीच, सकाळ पूर्ण आपली. मासळीचं म्हणाल तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्यावर भागवायचं.

प्रवास डेडलाईनच्या आदल्या दिवशी ठेवू नका. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं, आपल्या भागात गाड्या ताशी ७५ किलोमीटरच्या वर जात नाहीत, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा रेल्वे आणि रस्ता दोन्ही बंद होतं.

वाडीत पहिल्या आठवड्यातच सांगून टाका की तुम्ही काय काम करता आणि किती ते किती. नाहीतर घरात बसलेला माणूस रिकामाच आहे असं वाटून कोणीतरी गप्पा मारायला येणार, त्यांचा त्यात काही दोष नाही. मी दाराला निळा टॉवेल टांगतो, टॉवेल असला की कॉल चालू, हे आता पोरांना पण माहीत आहे. आणि टॉवेल काढला की मी पण उठून त्यांच्याकडं जातो, चहाला, देवळात, कुणाचा फॉर्म ऑनलाईन भरून द्यायला. माझी वायर तुटली की पावसात काठी घेऊन ती शोधायला हीच माणसं येतात.

गणपतीचे दिवस क्लायंटला जुलैतच कळवून ठेवा. सगळे चाकरमानी गावात आले की मोबाईलचं नेट रांगतं, आणि घरोघरच्या आरत्या सोडून कॉलवर बसायचं तर इथं राहायला कशाला यायचं. त्या वेळेला मुंबई-पुण्याहून येणार असाल तर तिकीट ६० दिवस आधी, बुकिंग उघडल्या उघडल्या काढा, पाच मिनिटांनी वेटिंग लागतं.